आनसाक्कांची सवत

आनसाक्कांना एक सवत होती. ती कलकत्त्यात राहायची. तिला चार गल्ल्या होत्या, दोन उघडी गटारं होती, एक कालीचं देऊळ होतं आणि तिच्या अंगाला कातड्याचा वास यायचा. हे वर्णन माझं नव्हे, खुद्द आक्कांचं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात, विरजण मागायला गेलेल्या माझ्या बायकोला त्यांनी ही माहिती दारातच पुरवली. बायको विरजण न घेता परत आली आणि म्हणाली, "अहो, समोरच्या अण्णांची कलकत्त्यात दुसरी बायको आहे. चिनी आहे म्हणे. तिच्या मालकीचं देऊळसुद्धा आहे."

दुसरी बायको नव्हती. वस्ती होती. टांगरा नावाची, कलकत्त्याच्या पूर्व कडेला, दलदलीवर भराव टाकून चिनी लोकांनी वसवलेली. आक्का तिला 'टेंगरा' म्हणायच्या, आणि म्हणताना नाक असं उडवायच्या की ती वस्ती जिन्याखाली येऊन उभी आहे असं वाटावं.

आक्कांचे यजमान हिंदूरावअण्णा हिरड्याचे व्यापारी. आजऱ्याकडच्या रानातला हिरडा पोती भरून देशभर जायचा, कारण जाड कातडं कमवायला तो लागतो. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं तेव्हा अण्णा माल घेऊन कलकत्त्याला गेले. "पंधरा दिवसांत येतो" असं नेसरीच्या एस.टी. स्टँडवर सांगून गेले, आणि त्यांचं कामाचं सगळं आयुष्य तिथंच गेलं. पुढे हिरडा मागे पडला, रसायनं आली, तर ते रसायनांचे अडते झाले. दिवाळीला यायचे, जत्रेला यायचे, मुलगा झाला तेव्हा बारशाला आले. टांगऱ्यातले कातड्याचे कारखाने कोर्टाच्या हुकमानं शहराबाहेर हलवले गेले, तेव्हा अण्णा कायमचे कोल्हापुरात परतले. म्हणजे ते परतले असं आम्हाला वाटलं. आक्कांचं मत वेगळं होतं. "मानूस आलाय, ध्यान तिकडंच हाय."

अण्णा एका चिनी कारखानदाराच्या माडीवर भाड्यानं राहायचे. खाली कातडी भिजायची, वर घर. कारखानदाराची बायको लानदीदी त्यांना जेवायला घालायची. कुणालाही वाटेल की आक्कांचा राग तिच्यावर असणार. मीही एकदा आडून विचारलं. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"तिच्यावर कशाला, सर? बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या. गल्लीच्या झिंज्या कुठं धरू?"

अण्णा बोलायला गोड. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसले की टांगरा सुरू. मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, पुस्तकं वाचली होती, पण पुस्तकात वास नसतो. अण्णा सांगायचे की फार पूर्वी कुणी एक चिनी माणूस हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढायला आला, त्याच्या मागोमाग बाकीचे. कुणी सुतार झाले, कुणी दात बसवू लागले, कुणी बूट शिवू लागले. हाक्का म्हणून त्यांच्यातली एक जमात, तिच्या वाट्याला कातडं आलं, कारण त्याला हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मोठ्या लोखंडी फाटकांमागे कारखाना, फाटकाशी कुत्रा, नव्या वर्षाला दारावर लाल कागद. एका झाडाखाली शेंदूर लावलेले दोन दगड होते, त्याचं चिनी माणसांनीच कालीचं देऊळ बांधलं आणि प्रसाद म्हणून नूडल्स वाटायला लागले. बासष्टच्या लढाईत पोलिसांनी घरंच्या घरं उचलून राजस्थानातल्या छावणीत नेऊन ठेवली. सुटून आलेल्यांनी पोरांना शिकवलं आणि कॅनडाला पाठवून दिलं.

हे सगळं आक्का आत स्वयंपाकघरात ऐकत असायच्या. ऐकत असायच्या म्हणणं कमी पडतं. नवऱ्याला आलेलं प्रेयसीचं पत्र चोरून वाचावं तसं त्या टांगरा पाठ करत होत्या. कुठल्या गल्लीतून वळलं की देऊळ, कुणाच्या फाटकाला हिरवा रंग, रविवारी पहाटे जुन्या चिनी बाजारात न्याहारीला कोण काय विकतं, सगळं. शत्रूचा किल्ला घ्यायचा असेल तर त्याच्या चोरवाटा ठाऊक हव्यात, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

त्यांनी घरात एक कायदा केला होता. अण्णांनी जेवताना 'तिथं' हा शब्द काढला की रश्श्याचा दुसरा डाव बंद. मी एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. तांबडा रस्सा असा होता की माणसानं पाटावरून उठूच नये. अण्णांनी भुरका मारला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! तिथं लानदीदी डुकराच्या हाडाचं सूप करायची, ते..." आक्कांचा डाव पातेल्यापासून वाटीच्या वाटेवर होता. तो हवेत थांबला आणि परत पातेल्यात गेला. अण्णांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भाकरी नुसतीच मोडून खायला लागले. जेवणानंतर बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "पण सूप खरंच चांगलं असायचं वो."

एकदा लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी आक्कांना पन्हाळ्याला नेलं. धुकं उतरलं होतं, तबक बागेत दोघं बसले होते. आक्कांनी खास ठेवणीतली इरकल नेसलेली. अण्णा धुक्याकडं बघून म्हणाले, "हिवाळ्यात तिथं चुलींचा धूर असाच गल्लीत उतरतो बघ." आक्का उठल्या, एस.टी.त बसल्या आणि एकट्या कोल्हापूरला आल्या. अण्णा संध्याकाळी पोचले ते कणसं घेऊन. ती कणसं आम्ही खाल्ली.

खरं सांगायचं तर मला अण्णांचा हेवा वाटायचा. माझ्या बायकोला माझ्या कुठल्याच गोष्टीचा एवढा राग कधी आला नाही. माझी पुस्तकं ती रद्दीवाल्याला वजन करून देते.

आक्कांच्या जळण्याचा जाहीर कार्यक्रमही एकदा झाला. शहरातल्या एका मंडळाला अण्णांचा शोध लागला आणि त्यांनी 'कलकत्त्यातील चिनी वसाहत: इतिहास व संस्कृती' असं व्याख्यान ठेवलं. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग ज्यांनी स्वागत केलं त्यांचं स्वागत. अध्यक्ष बोलायला उठले. त्यांनी चीनची भिंत घेतली, रेशमाचा मार्ग घेतला, चिनी प्रवासी घेतले, आणि शाहूनगरीचं त्या सगळ्यांशी नातं जोडून ते बसले तेव्हा निम्मे श्रोते चहाकडं गेले होते. अण्णा उठले. शाल खांद्यावरून घसरत होती, नारळ कुठं ठेवावा कळत नव्हतं. पण टांगऱ्याचं फाटक उघडलं आणि माणूस खुलला.

"देवळाकडनं सरळ गेलं की उजव्या हाताला गटार लागतंय..."

"डाव्या," पहिल्या रांगेतून आवाज आला.

सगळं सभागृह आक्कांकडे वळलं.

अण्णांनी हवेत बोट फिरवून गल्ली तपासली. "व्हय, डाव्या. चुकलो."

"आनि हिरवं फाटक गटाराच्या अल्याडचं. पल्याड सांगू नका."

अध्यक्ष कौतुकानं पुढे वाकले. "वहिनीसाहेब, आपणही बरीच वर्षं तिथं होतात वाटतं?"

"म्या?" आक्का म्हणाल्या. "मला कोण न्हेतंय? मिरजंच्या पल्याड गाडीत बसलो न्हाय मी."

सभागृहात हशा पिकला. आक्का हसल्या नाहीत, आणि अण्णांचं उरलेलं भाषण फार लवकर संपलं.

कारण तीच खरी कळ होती. आक्कांनी अनेकदा विचारलं होतं: तरुण होत्या तेव्हा, मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा, सासू वारल्यावर मोकळ्या झाल्या तेव्हा. मला एकदा न्या. दरवेळी अण्णांचं उत्तर एकच. "तुला वास सोसायचा न्हाय." वास खरा होता. अण्णा सुट्टीला आले की आक्का त्यांची ट्रंक आठवडाभर गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि त्यांना आधी मोरीत पाठवायच्या. पण ज्या बाईनं म्हशीच्या गोठ्यात बाळंतपण काढलं तिला वासाचं कारण सांगणं म्हणजे काही न सांगणंच. तिथं असं काय होतं, जे दाखवता येत नव्हतं? आक्कांना आयुष्यभर एवढंच हवं होतं: हा माणूस कुणाचा, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

अण्णा आजारी पडले तेव्हा पारडं फिरलं. आता तेच म्हणायला लागले, "एकदा टांगऱ्याला जाऊन येऊ. दोघं जाऊ." उशिरा सुचलेलं शहाणपण आक्कांनी घेतलं नाही. "सवतीच्या मांडीवर डोकं ठिवायचंय व्हय आता? गप पडा." औषध चुकू दिलं नाही, पेज भरवली, पाय चेपले, पण गाडीचं तिकीट काढू दिलं नाही. अण्णा गेले ते राजारामपुरीतच, स्वतःच्या कॉटवर. आक्का जिंकल्या असं मला वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आम्ही पंचगंगेच्या स्मशानात जमलो. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं पानावर ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. अण्णांच्या पानावर पिठलं-भाकरी होती, तांबडा रस्सा होता, मिसळ होती, पेढा होता, तपकिरीची डबी होती. कावळे समोरच्या छपरावर रांगेनं बसले होते. एकही हलेना.

"मन कशात तरी अडकलंय," आक्कांचे थोरले दीर म्हणाले. त्यांनी हात जोडले. "हिंदूराव, शेताच्या वाटणीची काळजी करू नगंस." कावळा ढिम्म. पुण्याहून आलेला मुलगा विजय पुढे झाला. "अण्णा, आईला मी पुण्याला नेतो. माझ्याजवळ ठेवतो." एक कावळा उडाला आणि आणखी लांब जाऊन बसला. पुतण्या संभा माझ्या कानाशी म्हणाला, "सर, कोपऱ्यावरच्या गाड्यावरनं चायनीजची प्लेट आणू का?" तो हळू बोलला होता, पण आक्कांना ऐकू गेलं. त्यांनी ज्या नजरेनं बघितलं तिनं संभा दोन माणसांच्या मागे गेला.

ऊन चढायला लागलं. काय अडलंय ते सगळ्यांना माहीत होतं आणि बोलायची कुणाची छाती नव्हती. शेवटी आक्काच उठल्या. पदर खोचला आणि त्या पानाकडं बघून, गच्चीवरून भाजीवाल्याला हाक मारावी त्या आवाजात ओरडल्या, "जातो की बाबा! जातो तुझ्या त्या टेंगऱ्याला! बघून येतो तुझी रांड! आता तरी खा!"

कावळा आला. पहिल्यांदा त्यानं रस्सा घेतला.

यावर माझं एक साधं मत आहे. आक्का ओरडल्या तेव्हा आम्ही सगळेच चार पावलं मागे सरकलो होतो, आणि मोकळी जागा कावळ्याला कळते. पण हे मी तिथं बोललो नाही. स्मशानात तर्क लढवणाऱ्याला घरी चहा मिळत नाही.

शब्द दिला म्हणजे दिला. थंडीत आक्का निघाल्या. विजयला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघं नवराबायको बरोबर गेलो. माझी नेमणूक दुभाष्या म्हणून होती. एका वाक्यापुरतंही माझं काम पडलं नाही.

टॅक्सी टांगऱ्यात शिरली आणि आक्का ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागल्या. "हिथनं वळ. आता देऊळ यील." देऊळ आलं. त्यांनी खाली उतरून कालीला नमस्कार केला, पण तो नवऱ्याच्या ओळखीतल्या बाईला करावा तसा, हातभर अंतर राखून. पुढे मात्र पाठ केलेलं जुळेना. कारखान्यांच्या जागी झगमगीत पाट्यांची हॉटेलं होती. एका बाजूला उंच इमारतींनी आभाळ अडवलं होतं. बरीच फाटकं कुलूपबंद, त्यांवरचे लाल कागद उन्हानं पांढरे पडलेले. आक्का मध्येच थांबल्या, मान वर करून त्यांनी दोन-तीनदा जोरात श्वास घेतला.

"वास कुठाय?" त्या म्हणाल्या.

वास नव्हता. कारखाने गेले तेव्हा तोही गेला होता. कुठून तरी सोया सॉसचा आणि लसणीचा वास येत होता, तो काही सोसायला कठीण नव्हता. ज्याच्याशी कुस्ती ठरली होती तो पैलवान वर्षापूर्वीच गाव सोडून गेल्याचं कुणी आखाड्यात येऊन सांगावं, तसा आक्कांचा चेहरा झाला.

हिरवं फाटक होतं, गटाराच्या अलीकडेच. आत अंगणात एक वाळकी म्हातारी खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. आक्का फाटकातच उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळ रिकामं, पायांत कोल्हापुरी. म्हातारीनं आधी चपला बघितल्या, मग तोंड.

"कोल्हापुर?" ती म्हणाली. "तुम आक्का?"

"मैं हिंदूराव का बायको."

"हाँ, हाँ. आक्का." लानदीदी उठली. "बाबू नहीं आया?"

आक्कांनी नुसतं आभाळाकडं बोट केलं. लानदीदी शेंगांची टोपली हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं आक्कांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः पायरीवर बसली.

मग ती बोलायला लागली. आक्का कल्पनेत टांगऱ्याच्या गल्ल्या फिरल्या होत्या ना, तशी ही बाई कोल्हापूर फिरली होती. गंगावेशीत म्हैस दारात उभी करून धारोष्ण दूध ग्लासात कसं पिळतात ते तिला माहीत होतं. रंकाळ्यावर संध्याकाळी वारं कुठून येतं ते माहीत होतं. आक्का चपला उलट्या पडलेल्या दिसल्या की भांडतात, रश्श्याला तीळ भाजून घालतात, रागावल्या की बोलत नाहीत पण भांडी बोलतात, हेही माहीत होतं.

"इतना साल," लानदीदी म्हणाली, "खाना यहाँ खाता था, बात वहाँ का करता था. हम सूप देता, तो बोलता, अच्छा है दीदी, लेकिन आक्का का रस्सा... हमको बहुत गुस्सा आता था. एक दिन हम मिर्ची डालके लाल बनाया. पूछा, अब? बोला, आक्का जैसा नहीं." ती हसली, पण जुनं कुसळ अजून आत असल्यासारखी. "हम सोचता था, ये कोल्हापुर कौन है? एक बार देखना है."

आक्कांनी तिच्या टोपलीतली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"हमारा बाप भी ऐसा. टांगरा में बैठके चीन का अपना गाँव बोलता. हम वो गाँव कभी देखा नहीं. हमारा लड़का यहाँ था तो कैनडा, कैनडा. अब कैनडा से फोन करता है, तो बोलता है टांगरा." तिनं हातानं अख्खी गल्ली दाखवली. "यहाँ सब ऐसा. जो यहाँ है, वो वहाँ का बोलता है."

एवढी पुस्तकं वाचून त्या वस्तीचा स्वभाव मला एका वाक्यात कधी सांगता आला नव्हता. पण मी बायकोकडं बघितलं, तिनं मला गप्प राहायची खूण केली.

लानदीदीनं आम्हाला जेवू घातलं. तिनं तो लाल रस्सा मुद्दाम केला. दोघी समोरासमोर बसल्या. आक्कांनी वाटी तोंडाला लावली, भुरका मारला, जिभेवर घोळवला. लानदीदी त्यांच्या तोंडाकडं बघत होती. असं बघताना मी फक्त परीक्षेच्या निकालाच्या फळ्यासमोरची पोरं बघितली आहेत.

"नमक कम है," आक्का म्हणाल्या. आणि वाटी संपवली.

परतीच्या गाडीत त्या खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. माझी बायको समजुतीनं म्हणाली, "आक्का, आता तरी मन निवलं ना? तिथं राहून तुमचंच कौतुक करत होते की अण्णा."

आक्का गर्रकन वळल्या. "निवलं? सर, तुमीच सांगा. तिथं माजं कवतिक करत व्हता, हितं तिचं. म्हंजे हितं व्हता तवा हितं न्हवता आनि तिथं व्हता तवा तिथं न्हवता. मग व्हता कुठं ह्यो मानूस?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्या म्हातारीलाबी गावला न्हाय, मलाबी न्हाय. आमी दोघी उगंच जळलो." मग पुन्हा खिडकीकडं तोंड. नागपूर येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. डब्यात भांडी नव्हती, नाहीतर ती बोलली असती.

त्यानंतर विजय त्यांना पुण्याला घेऊन गेला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. आमच्या जिन्यावर शांतता झाली आणि ती मला अजिबात आवडली नाही.

गेल्या महिन्यात पुण्याला काम निघालं तेव्हा त्यांना भेटून आलो. विजयचा फ्लॅट दहा मजली इमारतीत, खाली कारंजं, फाटकावर गणवेशातला माणूस वही घेऊन बसलेला. आक्का थोड्या वाळल्या होत्या, आवाज तोच. सून मधुरा, हुशार पोरगी, नोकरी सांभाळून सासूचं सगळं करते. रविवार होता, तिनं कोल्हापुरी रस्सा केला होता. रंग चांगला आला होता. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, मी मनापासून चांगला म्हणालो. मग तिनं सासूकडं बघितलं.

आक्कांनी भुरका मारला आणि डोळे मिटले.

"बरा झालाय. पर तिथं लानदीदीनं केलता बघा, सर... चिनी बाई असून काय रस्सा केलता! मीठसुदीक कसं बेतानं."

मधुराचा डाव पातेल्यापासून आक्कांच्या वाटीच्या वाटेवर होता. तो हवेत थांबला. मी ताटाकडं बघू लागलो. मग डाव पातेल्यात परत गेल्याचा आवाज आला.

जरा वेळानं मधुरा म्हणाली, हसतच म्हणाली, पण ओठ घट्ट होते, "आई, रोज ऐकते मी तिथलं. एकदा मला तरी न्या ना. बघू दे काय आहे एवढं तिथं."

टांगऱ्यात आता कसलाच वास येत नाही, हे मला माहीत होतं. आक्कांनाही माहीत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, गॅलरीच्या बाहेर, कारंज्याच्याही पलीकडे कुठंतरी बघितलं आणि म्हणाल्या,

"तुला वास सोसायचा न्हाय."